घरचे चार दिवसांत उठले, मी पाच आठवडे का?

«ताई, मी ४३ वर्षांची आहे. वाईजवळच्या एका गावात प्राथमिक शाळेत शिकवते. तेराव्या वर्षी परकर-पोलकं शिवायला माप देताना शिंपीणकाकूंच्या लक्षात आलं की माझा उजवा खांदा वर आहे आणि पाठीची उजवी बाजू फुगलेली आहे. स्कोलिओसिस असं नाव पुढे कळलं. ऑपरेशन केलं नाही. पैसे नव्हते, आणि हिंमतही. बारा वर्षांपूर्वी पुण्यात एक्स-रे काढला होता, तेव्हा वरच्या पाठीचा बाक ६१ अंश होता. त्यानंतर काढलेला नाही.

गेल्या वर्षी गणपतीत घरात सगळ्यांना व्हायरल ताप आला. मुलगी, हे, सासूबाईसुद्धा चौथ्या-पाचव्या दिवशी उठून कामाला लागल्या. मी पाच आठवडे खोकत होते. कफ घशापर्यंत यायचा पण सुटायचा नाही. पाठ लाकडासारखी झाली होती, आरशात तर ती आणखी वाकडी दिसत होती. डॉक्टरांनी दमा आहे म्हणून पंप दिला. सासूबाई म्हणतात, तापानंच तुझी पाठ जास्त वाकली. मुख्याध्यापक म्हणतात, साध्या सर्दीला एवढी रजा? पाठीसाठी मी अधूनमधून डायक्लोफेनॅक घेते, तीच तापातही घेतली. आता पुन्हा पावसाळा तोंडावर आहे. कोणी शेजारी शिंकलं तरी पोटात गोळा येतो. मी काय करू?»

बाई,

शाळेत सगळे तुम्हाला बाईच म्हणत असतील, म्हणून मीही तेच म्हणते. आधी माझी बाजू सांगते. मी डॉक्टर नाही, फिजिओथेरपिस्ट आहे. आयुष्याचा मोठा भाग छातीच्या वॉर्डात गेला, लोकांना खोकायला आणि श्वास घ्यायला शिकवण्यात. तेव्हा पुढे जे लिहिते ते घेऊन तुमच्या डॉक्टरांकडे जा, त्यांच्याऐवजी ते वापरू नका.

सासूबाईंपासूनच सुरुवात करू, कारण त्यांचं म्हणणं मला धुडकावून लावायचं नाही. त्यांच्या पिढीनं तापानं पाठी वाकलेल्या पाहिल्या आहेत. तो ताप पोलिओचा. पोलिओचा विषाणू मज्जारज्जूतल्या स्नायू हलवणाऱ्या पेशी मारतो. पाठीच्या एका बाजूचे स्नायू लुळे पडले आणि दुसऱ्या बाजूचे ओढत राहिले, की वाढत्या मुलाचा कणा त्या ओढीनं वर्षागणिक वाकत जातो. अमेरिकेत ह्यूस्टनला पॉल हॅरिंग्टन या सर्जनसमोर पोलिओनंतर वाकलेल्या पाठींची मुलांमागून मुलं येत होती. त्यांच्यासाठी त्यांनी कण्याला आतून ताण देणारी धातूची सळी तयार केली आणि १९६२ मध्ये ते काम जगापुढे मांडलं. आज स्कोलिओसिसच्या ऑपरेशनमध्ये ज्या सळ्या आणि स्क्रू घालतात त्यांची आजी म्हणजे ही हॅरिंग्टन सळी. म्हणजे या शस्त्रक्रियेचा जन्मच एका विषाणूमुळे झाला, असं म्हटलं तर फार चुकणार नाही.

आपल्याकडे जंगली पोलिओचा शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ ला पश्चिम बंगालमधल्या हावड्यात सापडला आणि २७ मार्च २०१४ ला भारताला पोलिओमुक्तीचं प्रमाणपत्र मिळालं. पण ताप आला आणि पाठ गेली ही धास्ती घराघरात अजून उरली आहे. सासूबाईंना एवढंच सांगा की तुमचा कणा त्या कारणानं वाकलेला नाही. वयात येताना कारण न सापडता सुरू होणारा जो प्रकार आहे, तुमच्या पत्रावरून तो तसाच वाटतो. आणि सर्दी-तापाच्या नेहमीच्या विषाणूंनी असा बाक वाढतो याला आधार नाही.

मग आरशात पाठ जास्त वाकडी का दिसली? तापात स्नायू दुखतात, कारण विषाणूशी लढताना शरीर जी रसायनं सोडतं तीच अंग मोडून आणतात. तुमच्या पाठीचे स्नायू तर एरवीही सारखं काम करत नसतात. फुगीर बाजूचे कायम ताणलेले, आतल्या बाजूचे आखडलेले. त्यांत आठवडाभर अंथरूण आणि दिवसाला शेकडो वेळा खोकला. अशा वेळी स्नायू आखडून माणूस एका कुशीकडे कलतो. तो कल हाडांचा नसतो आणि बहुतेकदा काही आठवड्यांत उतरतो. (खोकताना बरगडीवर एका बोटाएवढ्या जागी कळ येत असेल आणि तिथे दाबलं की डोळ्यांत पाणी येत असेल, तर ती गोष्ट वेगळी. जोराच्या खोकल्यानं बरगडीला बारीक चीर जाऊ शकते. ते डॉक्टरांना दाखवा.)

एक मात्र खरं. ५० अंशांच्या पुढचा छातीजवळचा बाक वाढ थांबल्यावरही गप्प बसत नाही. साधारण वर्षाला अर्धा ते एक अंश असा तो हळूहळू सरकतो. म्हणजे बारा वर्षांपूर्वीचे ६१ आज ६१ नसतील, आणि तो दोष गणपतीतल्या तापाचा नसेल. नवा एक्स-रे काढाच. पूर्ण कण्याचा, उभ्यानं, ताप नसताना. आकडा दोन-चार अंशांनी जास्त आला तर लगेच हाय खाऊ नका, कारण एक्स-रेवर बाकाचा हा कोन (त्याला कॉब कोन म्हणतात) मोजताना पाच अंशांपर्यंतचा फरक मोजणाऱ्याच्या हाताचाही असतो.

आता तुमच्या खऱ्या प्रश्नाकडे येते. सगळे उठले, मी का नाही? याचं उत्तर पाठीपेक्षा छातीत आहे.

स्कोलिओसिसमध्ये कणा नुसता बाजूला झुकत नाही, पिळाही खातो. बरगड्या त्यालाच जोडलेल्या, त्यामुळे त्याही फिरतात. एका बाजूच्या पाठीमागे फुगून एकमेकींपासून दूर जातात, दुसऱ्या बाजूच्या एकमेकींवर दाटून बसतात. लोहाराच्या भात्याची एक बाजू आखडली तर काय होईल, तसं. भाता चालतो, हवा येते, पण पूर्वी एका झटक्यात जेवढी यायची तेवढी येत नाही आणि हाताला जोर जास्त लागतो. एरवी फळ्यावर लिहिताना, वर्गात फिरताना एवढी हवा पुरते, म्हणून तुम्हाला काही जाणवत नाही. पण तापात शरीराला प्राणवायू जास्त हवा असतो, श्वासनळ्या सुजतात, कफ होतो, श्वासाचे स्नायूही थकतात. हे सगळं एकाच आठवड्यात येतं. तुमच्या घरच्यांच्या गाठीला शिल्लक होती, त्यांनी ती खर्चून वेळ मारून नेली. तुमची शिल्लक कमी होती.

कफ न सुटण्याचं कारणही हेच. खोकल्याचा जोर आधी घेतलेल्या खोल श्वासावर असतो. आत हवाच कमी गेली तर खोकला नुसता खुळखुळतो, कफ जागचा हलत नाही, आणि साचलेला कफ पुन्हा खोकला आणतो. पाच आठवडे तुम्ही याच फेऱ्यात होतात. हे नाटकही नाही आणि नाजूकपणाही नाही.

लगेच घाबरू नका म्हणून हेही सांगते. छातीजवळचा बाक ७०-८० अंशांच्या पुढे गेला की फुप्फुसांवरचा परिणाम ठळक होतो, १०० च्या पुढे तो धोक्याचा असतो. तुम्ही या उंबरठ्याच्या अलीकडे आहात, किंवा फार तर उंबरठ्यावर. शिवाय तुमचा बाक तेराव्या वर्षी लक्षात आला. फुप्फुसातले वायुकोश वाढण्याचा मुख्य काळ आठ-नऊ वर्षांपर्यंतचा. पाच वर्षांच्या आत ज्यांचा बाक सुरू होतो त्यांची फुप्फुसं पुरती घडायच्या आधीच दाबली जातात, त्यांची गोष्ट खरोखर अवघड असते. तुमची फुप्फुसं तोवर तयार झाली होती, फक्त त्यांच्या घराच्या भिंती नंतर कलल्या. अमेरिकेत आयोवामध्ये तुमच्यासारख्या, वयात येताना बाक सुरू झालेल्या आणि ऑपरेशन न केलेल्या ११७ जणांचा पन्नास वर्षांचा मागोवा २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातले बहुतेक जण इतरांसारखेच नोकरी-संसार करून म्हातारे झाले. दम लागण्याची तक्रार मुख्यतः ८० अंशांच्या पुढच्या, छातीच्या बाकवाल्यांत होती.

दम्याचं काय? असूही शकतो. विषाणूच्या तापानंतर काही आठवडे श्वासनळ्या चिडलेल्या राहतात आणि पंपानं आराम पडतो, त्यामुळे डॉक्टर चुकले असं मी म्हणणार नाही, पंप मनानं बंद करा असंही म्हणणार नाही. पण शिटीसारखा आवाज आला म्हणजे दमाच, असं नसतं. स्पायरोमेट्री करून घ्या, बरं असताना. नळीत जोरानं फुंकायची तपासणी ती. दम्यात हवा बाहेर पडताना अडते, तुमच्यासारख्या छातीत मुळात आतच कमी मावते. दोन्हींचे आलेख वेगळे येतात.

आणि इथे एक गोष्ट अगदी हटकून सांगायची. मी शिकाऊ होते तेव्हा एका रुग्णालयात मोठा बाक असलेल्या एका बाईंची स्पायरोमेट्री चक्क नॉर्मल आली. त्या तर दोन जिने चढल्या की भिंतीला टेकायच्या. यंत्र खोटं बोलत नव्हतं, आम्हीच त्याला चुकीचं सांगितलं होतं. फुप्फुसात किती हवा मावायला हवी हे यंत्र उंचीवरून ठरवतं. कणा वाकल्यानं त्यांची उंची कमी भरली, यंत्राची अपेक्षाही तेवढीच खाली आली आणि कमी हवासुद्धा पुरेशी ठरली. कणा वाकलेल्या माणसाची उंची नाही, दोन्ही हात आडवे पसरून मधल्या बोटापासून मधल्या बोटापर्यंतची लांबी घ्यायची असते. तपासणी करणाऱ्याला हे आपणहून सांगा. त्याला राग आला तर येऊ दे.

आता पावसाळ्यापूर्वीचं काम. माझ्या मते या सगळ्यात सर्वांत उपयोगाची गोष्ट औषधाच्या दुकानात मिळत नाही. तुमची चांगल्या दिवसाची मोजमापं वहीत लिहून ठेवा. ताप आल्यावर मोजायला बसणाऱ्याला आकडे दिसतात, पण ते त्याच्यासाठी वाईट आहेत की नेहमीचेच, हे कळत नाही. कोविडात घेतलेला ऑक्सिमीटर ड्रॉवरमध्ये असेलच, सेल बदला. शांत बसून, नखाला नेलपॉलिश नसताना, बोट गार नसताना आकडा बघा. मग घरातला जिना चढून लगेच पुन्हा बघा. मिनिटाला श्वास किती होतात ते मुलीला मोजायला सांगा, तुम्हाला न सांगता, कारण आपण मोजायला लागलो की श्वास आपोआप बदलतो. आणि चौथी गोष्ट खास तुमच्यासाठी: खोल श्वास घ्या आणि एकाच दमात पाढा म्हणा. वॉर्डात आम्ही आकडे मोजायला लावायचो, पण तुमच्या जिभेवर पाढेच बसलेले. एकोणतीसचा घ्या, रोजच्याच वेगानं. कितीवर श्वास तुटला ते लिहा. बरं असताना ‹एकोणतीस दाहे› गाठून वर आणखी दोन ओळी जात असतील आणि तापात ‹एकोणतीस चोक›लाच अडकलात, तर यंत्राआधी तुम्हाला कळेल की छाती मागे पडते आहे.

प्रत्यक्ष ताप आला की पहिली गोष्ट, डायक्लोफेनॅक बाजूला ठेवा. हे मी कडक आवाजात सांगते आहे असं समजा. पावसाळ्यातला ताप पहिल्या दोन-तीन दिवसांत साधा व्हायरल आहे की डेंग्यू, हे चेहऱ्यावरून कोणालाच कळत नाही. डेंग्यूत प्लेटलेट्स खाली येतात, आणि डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, ॲस्पिरिन या गोळ्यांनी रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो. कॉम्बिफ्लाममध्ये पॅरासिटामॉलबरोबर आयब्युप्रोफेन असतं, हे अनेकांना माहीतच नसतं. पाठदुखीच्या रुग्णांची हीच खरी अडचण: ज्या गोळीवर पाठ चालते तीच तापात नको असते. डेंग्यू नाही हे तपासून कळेपर्यंत फक्त पॅरासिटामॉल. ६५० ची गोळी असेल तर सहा तासांच्या अंतरानं, चोवीस तासांत चारच्या वर नाही. आणि सर्दीच्या गोळीतही पॅरासिटामॉल असतं, ते धरून. पाठीला गरम पाण्याच्या पिशवीचा शेक हवा तेवढा घ्या.

डेंग्यू निघालाच तर एक लक्षात असू द्या. ताप उतरतो तेव्हाचे दोन दिवस जास्त जपायचे असतात. पोटात जोरात दुखणं, सारख्या उलट्या, हिरड्यांतून रक्त, विलक्षण गळून जाणं यातलं काही दिसलं तर घरी थांबू नका.

दुसरं, आडवं पडून राहू नका. विश्रांती म्हणजे छताकडे बघत पाठीवर पडून राहणं, ही आपल्याकडची समजूत तुमच्या छातीला परवडत नाही. सपाट पडलं की पोट छातीखालच्या श्वासाच्या पडद्याला वर ढकलतं आणि दाटलेल्या बाजूचं फुप्फुस आणखी मिटतं. दोन-तीन उशा लावून अर्धवट बसतं झोपा, कूस बदलत राहा, पेज घ्यायला खुर्चीत बसा, घरातल्या घरात दर दोन तासांनी चार फेऱ्या मारा. ताप चढलेला असताना नाही, गोळीनं उतरला की.

तिसरं, कफ. तुमची उजवी बाजू फुगीर आहे म्हणता, म्हणजे डावीकडच्या बरगड्या दाटलेल्या असणार. खुर्चीत ताठ बसा, डावा हात डोक्यावर ठेवा, उजवा तळवा डाव्या बरगड्यांवर. आता नाकानं सावकाश श्वास घेताना तो तळवा बाहेर ढकलायचा आहे असं मनात धरा. पहिल्यांदा काहीच हलणार नाही. दहाव्या-पंधराव्या वेळी थोडं हलेल. असे तीन-चार श्वास, थोडी विश्रांती, पुन्हा तीन-चार. मग खोकायच्या ऐवजी हफ करा: चष्म्याची काच पुसायला आपण उघड्या तोंडानं वाफ सोडतो, अगदी तसंच, फक्त लांब आणि जोरात. दोन वेळा. कफ वर सरकल्याचा आवाज आला की एकदाच खोका. सारखं सारखं खोकून थकायचं नाही. दिवसातून चार वेळा, जेवणाआधी. वाफारा घेतलात तर बरं वाटेल, पण त्यानं फुप्फुसातला कफ वितळत नाही, आणि उकळत्या पातेल्यांनी भाजलेली माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत. कोमट पाणी, गवती चहा, काय रुचेल ते पीत राहा. ज्यांना हृदयाचं किंवा मूत्रपिंडाचं दुखणं आहे त्यांनी मात्र पाणी किती प्यायचं ते विचारून.

झोप आणणारी खोकल्याची औषधं आणि झोपेच्या गोळ्या टाळा. खोकला दाबला की घरच्यांना शांत झोप लागते, कफ मात्र आतच राहतो. ज्यांचा बाक फार मोठा आहे किंवा श्वासाचे स्नायूच अशक्त आहेत, त्यांचा तर झोपेतला श्वासही या औषधांनी मंदावतो.

आता कधी उठून निघायचं. बसलेल्या स्थितीत ऑक्सिमीटर ९४ च्या खाली, किंवा तुमच्या नेहमीच्या आकड्यापेक्षा तीन-चारनं खाली राहिला तर डॉक्टरांना त्याच दिवशी फोन. ९२ किंवा खाली असेल तर फोन नको, रिक्षा. शांत बसूनही श्वास मिनिटाला पंचविसाच्या आसपास, वाक्य पुरं करायला दोनदा थांबावं लागणं, ओठ निळसर, वागण्यात गोंधळ, ही त्याच यादीतली. एक लक्षण मात्र लोकांच्या ध्यानात येत नाही: सकाळी उठल्या उठल्या डोकं जड, दिवसभर ग्लानी. ती तापाची असेलही, पण छाती अपुरी पडून रक्तात कार्बन डायऑक्साइड साचला तरी असंच होतं. अशा माणसाला हवा तेवढा प्राणवायू सोडून चालत नाही. कार्बन डायऑक्साइड साचणाऱ्यांसाठी डॉक्टर ८८ ते ९२ एवढंच लक्ष्य ठेवतात. नळी कमी-जास्त करणं तुमचं काम नाही, घरच्यांचंही नाही. तुमचं काम पोचल्याबरोबर एक वाक्य सांगण्याचं: «माझ्या छातीजवळच्या कण्याला ६० अंशांच्या वर बाक आहे.» स्वेटर-ओढणीत ते दिसत नाही, आणि गर्दीच्या वेळी पाठ उघडी करून कोणी बघत नाही.

याच कारणासाठी जुने एक्स-रे लागतात. पिळलेल्या छातीचा फोटो वाचणं अनुभवी माणसालाही जड जातं. एका बाजूला बरगड्या दाटून पांढुरकं दिसतं, हृदय सरकलेलं दिसतं, आणि न्यूमोनिया आहे की नेहमीचंच आहे हे ठरत नाही. शेजारी जुना फोटो धरला की अर्ध्या मिनिटात ठरतं. बरं असताना छातीचा एक साधा एक्स-रे काढा आणि त्याचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा.

एक धोका छातीचा नाही, पण तुम्हाला तो पाठीचा वाटण्याची भीती आहे. ताप किंवा जुलाब होऊन गेल्यावर दोन-चार आठवड्यांत पायांत मुंग्या, मग पावलं जड, मग गुडघे, असा अशक्तपणा खालून वर चढायला लागला, किंवा लघवी अडली, तर ‹माझी पाठच तशी› म्हणून घरी थांबायचं नाही. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्त्याच्या भागात अशाच चढत्या अशक्तपणाच्या आजाराचे, गीयाँ-बारे सिंड्रोमचे, रुग्ण लागोपाठ आले होते ते आठवत असेल. तिथे बोट दूषित पाण्यातल्या जिवाणूकडे होतं, पण हा आजार विषाणूनंतरही होतो. ज्याची पाठ आधीच दुखते तो दवाखान्यात सर्वांत उशिरा पोचतो, हे मी पाहिलेलं आहे.

चिकुनगुन्या झाला तर जरा वेगळा धीर लागेल. हा शब्द पूर्व आफ्रिकेतल्या माकोंडे भाषेतला, दुखण्यानं वाकून जाणं असा त्याचा अर्थ. १९५२-५३ मध्ये आजच्या टांझानियात ही साथ आली तेव्हा सांधे धरून वाकून चालणाऱ्यांना बघून लोकांनी हे नाव दिलं. त्यात सांधे महिनोन्महिने दुखू शकतात. तेव्हाही सासूबाई म्हणतील, बघ पाठ वाकली. ती सांध्यांमुळे, कण्यामुळे नव्हे.

लस. फ्लूची दरवर्षी घ्या, तुमच्यासारख्यांसाठी ती चैन नाही. आपल्याकडे फ्लू थंडीच्या शेवटी आणि पुन्हा पावसाळ्यात डोकं वर काढतो, तेव्हा मेच्या आसपास घेतली तर पावसाळ्याला उपयोगी पडते. न्यूमोनिया करणाऱ्या न्यूमोकोकस जिवाणूची लस घ्यायची का, कोणती, हे छातीच्या डॉक्टरांना विचारा. विषाणू वाट करून देतो आणि मागून हा जिवाणू शिरतो, म्हणून विचारायचं. बहुतेकांना या लसी खासगीतच, पदरचे पैसे घालून घ्याव्या लागतात, ते मला माहीत आहे. पाच आठवड्यांचा औषधपाण्याचा खर्च शेजारी मांडून बघा. लस घेऊनही सर्दी होईल, कारण सर्दीचे विषाणू शेकड्यानं आहेत. वर्गात साथ असेल तर मास्क लावा, मुलं दोन दिवस हसतील.

मुख्याध्यापकांशी वाद घालत बसू नका. स्पायरोमेट्रीचा कागद आणि डॉक्टरांची दोन ओळींची चिठ्ठी त्यांच्या टेबलावर ठेवा. परतल्यावर पहिला आठवडा खडूची धूळ आणि मोठ्यानं शिकवणं जमेल तेवढं कमी करा, मुलांना आळीपाळीनं वाचायला लावा.

मुलीबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण मी विचारते. तिचं वय काय? हे घराण्यात चालू शकतं. दहा वर्षांपासून वाढ थांबेपर्यंत दर सहा महिन्यांनी तिला पाय जुळवून, हात जोडून पुढे वाकायला सांगा आणि मागे उभं राहून बघा, पाठीची एक बाजू दुसरीपेक्षा वर दिसते का. शिंपीणकाकूंवर सोडू नका.

इतर वाचकांची पत्रंही याच विषयावर पडली आहेत, त्यांना दोन ओळींत. ज्यांच्या मुलांना ब्रेस, म्हणजे बाक रोखायला अंगावर बांधायचा कडक पट्टा, आहे त्यांनी फणफणत्या तापात, उलट्या होताना किंवा दम लागताना ब्रेस काढावा आणि डॉक्टरांना कळवावं. चार दिवसांनी महिन्यांची मेहनत वाया जात नाही, मात्र ताप गेल्यावर ‹अजून अशक्त आहे› करत महिना घालवला तर जाते. ज्यांच्या पाठीत सळ्या आहेत त्यांना: व्हायरल तापाचे विषाणू सळ्यांवर जाऊन बसत नाहीत. पण जखमेच्या जागी लाली, स्राव, किंवा सर्दी-खोकल्याशिवाय नुसताच ताप आणि वाढती पाठदुखी असेल तर तो जिवाणूंचा संसर्ग असू शकतो, सर्जनला दाखवा. आणि ज्यांची ऑपरेशनची तारीख जवळ आली आहे आणि सर्दी झाली आहे त्यांनी ती लपवू नये. तारीख मिळायला सहा महिने लागले होते म्हणून लपवणारे आईबाप मला भेटले आहेत. भूल देणाऱ्या डॉक्टरांना ती सर्दी कळायलाच हवी.

बाई, तुमचा तो बारा वर्षांपूर्वीचा एक्स-रे बहुधा कपाटावर पिवळ्या पाकिटात असेल, साड्यांच्या खाली नाहीतर गादीखाली. तो शोधा, फिल्म खिडकीशी धरून मोबाइलनं फोटो काढा. आणि एकोणतीसचा पाढा कितीवर थांबला, ते मला लिहा.